बसपुरतं स्पॅनिश

परवा बसमध्ये मागून एका बाईंनी माझ्या खांद्याला बोट लावलं आणि विचारलं, “उतरताय का?” मी नाही म्हटलं, अंग चोरून बाजूला झाले, बाई पुढे गेल्या. पुण्यात बसने जाणाऱ्या कोणालाही रोज विचारला जाणारा प्रश्न. पण तिथून थेट हिंजवडीपर्यंत गजभिये काकू काही डोक्यातून जाईनात. त्यांच्या बोटात मात्र एवढा संयम नव्हता. त्या दार ठोठवावं तसा खांदा ठोठवायच्या.

मी वडगाव शेरीला राहत होते तेव्हा काकू आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये. नाव कुंदा, मूळच्या नागपूरच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या, बदली होऊन पुण्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक सुमेध, त्याला एकटीनं वाढवला, इंजिनियर केला, आणि तो स्पेनमध्ये वलेन्सिया नावाच्या गावी नोकरीला गेला तो तिथंच रमला. एवढी माहिती पुरे. याहून जास्त सांगायला काकूंनाही कधी वेळ नसायचा.

कारण काकू बसत नसत. म्हणजे अगदी खरोखरच बसत नसत. चहा उभ्यानं, पेपर ओट्यावर पसरून उभ्यानं. कोणाकडे गेल्या तरी उंबऱ्यातूनच काम उरकायच्या. सोसायटीच्या मीटिंगला मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या करंदीकर काकांचं भाषण लांबलं की चपला सरकवल्याचा आवाज मुद्दाम मोठा करायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, काकू, जरा टेका हो कुठेतरी, तुम्हाला बघून मलाच दम लागतो. तर म्हणाल्या, उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून एका खुर्चीत गेली, वायर जितकी लांब तितकंच हलायचं, बाथरूमला जायचं तरी सुपरवायझरला विचारायचं. “आता वायर नाही न कानाला. मग काहून बसू?” चाळीस वर्षं पुण्यात काढूनही हे ‘काहून’ काही सुटलं नव्हतं. चिडल्या किंवा खूश झाल्या की हमखास नागपूर बाहेर यायचं.

रिटायर झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर बसचा ज्येष्ठ नागरिकांचा पास काढला. मग काय विचारता! सकाळी भांडी घासून झाली की खांद्याला पिशवी आणि काकू स्टॉपवर. विश्रांतवाडीला त्यांची एक्स्चेंजमधली मैत्रीण शालू, खडकीला नणंद, येरवड्याला विहारातल्या बायका, सदाशिव पेठेत एक शिंपीणबाई, जिच्याशी ब्लाऊजपेक्षा गप्पाच जास्त. एकदा तर हिंजवडीला जाऊन आल्या. काम काय, तर काही नाही. अख्खं पुणं जिथून संध्याकाळी सुटायला धडपडतं तिथं ही बाई हौसेनं गेली, अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये घालवला आणि आल्यावर म्हणाली, “बिल्डिंगा चांगल्या आहेत.” बसमध्ये जागा मिळाली तरी दोन स्टॉप आधीच उठणार, दाराशी जाणार, पुढच्याचा खांदा ठोठवणार. कोणी म्हटलं, आजी, अजून वेळ आहे, तर उत्तर ठरलेलं. वेळ आहे म्हणूनच उठले, वेळ गेल्यावर उठून काय करू.

तर अशी ही बाई सुमेधकडे तीन महिने जाऊन आली ती पार सुकून. नातीला, इराला, बघायला म्हणून गेल्या होत्या. सुमेध आणि सून दोघं सकाळी कामावर, इरा पाळणाघरात, आणि काकू चौथ्या मजल्यावर खिडकीत. खाली रस्त्यावरून लाल बस जायची, ती बघत. सुमेधनं बजावलं होतं, आई, एकटी बाहेर पडू नकोस, भाषा येत नाही, हरवशील. तो बिचारा काळजीपोटीच म्हणायचा. पण काकू मला म्हणाल्या, “वायर परत लावली गं त्यानं. फक्त हेडफोन नाही.”

आणि मग सुमेधनं कायमचंच यायचा विषय काढला. इथं एकटी किती दिवस राहणार, पडलीस-बिडलीस तर कोण, मी कागदपत्रं करतो. रोज फोन. मुलाला नाही म्हणणं काकूंच्या जिवावर यायचं आणि हो म्हणणंही. शेवटी एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खात असताना त्यांनी ओट्यापाशी उभ्या राहून व्हिडिओ कॉलवर निकाल दिला. जिथं मी एकटी बसनं बाजारात जाऊन एकटी परत येऊ शकते, तिथं मी राहीन. जमलं तर कायमची तिकडे. नाही जमलं तर परत पुण्याला, आणि मग तू हा विषय पुन्हा काढायचा नाही. सुमेधनं हसत कबूल केलं. त्याला वाटलं, आई चार दिवस मिरवेल आणि मग ऐकेल. मी मात्र काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. मी खराडीच्या एका कंपनीत स्पॅनिश गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम करायचे. काकूंनी उंबऱ्यातूनच विचारलं, “अनघा, तू दिवसभर त्या लोकांच्या शिव्या खाते न त्यांच्या भाषेत? मग मला बसपुरतं शिकव.” मी माझी शहाणी. म्हटलं, आधी आपण ‘माझं नाव अमुक, मी अमुक ठिकाणची’ इथून सुरुवात करू. काकूंनी हातानंच थांबवलं. तिथं माझं नाव कोण विचारणार आहे, बस कुठं जाते ते मला विचारायचंय.

वही काढू द्यायच्या नाहीत. लिहिलं की डोकं सुट्टीवर जातं म्हणायच्या. एक्स्चेंजमध्ये सगळं कानानंच चालायचं, नंबर ऐकायचा आणि लगेच परत म्हणून दाखवायचा. तसंच मी एक वाक्य म्हणायचं, त्या ते दोनदा घोकायच्या, सपाट आवाजात, ट्रंक कॉल जोडून देतात तसं. “पेर्दोने, एस्ते आउतोबूस बा आल मेर्कादो?” म्हणजे, माफ करा, ही बस बाजाराला जाते का. “मे आबीसा, पोर फाबोर?” माझा स्टॉप आला की सांगाल का. हे दुसरं वाक्य त्यांना पटलं नाही. आपला स्टॉप आपल्याला कळू नये म्हणजे काय. घेतलं, पण नाइलाजानं, कडू औषध घ्यावं तसं.

मग एक दिवस मी त्यांना “बा आ बाखार?” सांगितलं. तिकडे दारापाशी माणूस उभा असेल तर मागचा त्याला विचारतो, उतरताय का. काकू हातातला कप घेऊन माझ्याकडे बघतच राहिल्या. “तिथंही विचारतात?” हो म्हटलं, अगदी आपल्यासारखंच. “म्हणजे तिथली माणसंपण आधीपासून उठतात.” एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी सुमेधच्या बढतीच्या वेळीही पाहिलं नव्हतं. दिवसभर जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला बा आ बाखार चाललं होतं. करंदीकर काकांनी मला थांबवून विचारलं, “गजभिये बाई कोणाला शाप देतायत?”

तोंडपाठ झालं, आता प्रॅक्टिकल, असं काकूंनी जाहीर केलं. आपल्याकडे बसमध्ये चढायचं मागून आणि उतरायचं पुढून. तिकडे उलटं, चढायचं पुढून ड्रायव्हरपाशी आणि उतरायचं मधल्या दारानं. काकूंचं म्हणणं, पायांना सवय लागली पाहिजे, तोंडाचं काय, ते कसंही वळतं. म्हणून त्यांनी पुण्यात स्पेनसारखं चढायचं ठरवलं. त्या शनिवारी मी बरोबर होते, हे माझं दुर्दैव. बस थांबली, पुढच्या दारातून लोक उतरतायत आणि काकू त्यांच्यातून कोपरं मारत वर चढतायत. ड्रायव्हरपुढं पास धरला आणि ठणठणीत आवाजात “बुएनोस दीआस!” असा नमस्कार ठोकला. ड्रायव्हरनं कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर मागून ओरडला, आजी, ते उतरायचं दार आहे, मागून चढा. काकू त्याला म्हणाल्या, मला माहीत आहे, मी सवय करून राहिले. तो म्हणाला, कसली सवय? तर म्हणे, परदेशाची. अख्खी बस हसली. मी मागच्या दारानं गुपचूप चढून, या बाई कोण बुवा, असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत होते. तर काकू तिथूनच ओरडल्या, “अनघा, बरोबर म्हटलं न?”

एकच वाक्य काकूंनी घेतलं नाही. “मे ए पेर्दीदो.” मी हरवले आहे. मी परोपरीनं समजावलं, काकू, हे सगळ्यात उपयोगी वाक्य आहे, एवढं तरी लक्षात ठेवा, कोणीही मदत करेल. काकूंचा चेहरा बंद झाला. म्हणाल्या, नवरा गेला तेव्हा मांडीवर पोर होतं, या शहरात माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं, तेव्हाही मी कोणाला असं म्हटलं नाही. “हरवलेल्या माणसाचं वाक्य मला नको. दुसरं दे.” मी दुसरं दिलं.

गेल्या. विमानतळावर निघताना सगळी सोसायटी खाली जमली होती. काकू गाडीत बसल्या आणि लगेच उतरल्या, कोणाला तरी काही सांगायचं राहिलं होतं. परत बसल्या. काच खाली करून मला म्हणाल्या, जमलं तर मी परत येत नाही बरं, कुंड्यांना पाणी घालत जा. हसून म्हणाल्या. त्यांना जमणार याची मला खात्री होती.

आणि जमलंच. पहिल्याच आठवड्यात सुमेधनं मला व्हिडिओ पाठवला. तो स्वतः मागं राहून चोरून काढलेला. काकू लाल बसमध्ये पुढून चढतायत, साडीवर जाड कोट, ड्रायव्हरला काही विचारतायत, तो मान हलवतोय. मी ऑफिसमध्ये तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत फिरले. त्यानंतर काकूंचे फोन सुरू झाले. आज भेंडी मिळाली, पण सोन्याच्या भावानं. आज बसमध्ये एका म्हाताऱ्यानं जागा दिली, मी बसले नाही. मग फोन हळूहळू छोटे होत गेले. सगळं छान आहे, इरा छान आहे, सून फार जपते. मी विचारायचे, बसनं जाता ना? जाते न, रोज जाते. आणि मग गप्प. काकू गप्प म्हणजे मला वाटायचं नेटवर्क गेलं. मी हॅलो हॅलो करत बसायचे.

मग एका संध्याकाळी मी खराडीहून घरी येत असताना फोन वाजला. तिकडे दुपार असेल. मागून बसचा दरवाजा उघडल्याचा आवाज, मग एका पुरुषाचा मोठा, मोकळा आवाज. “आस्ता मान्याना, कुंदा!” आणि काकूंचा आवाज, फोनपासून लांब, तितकाच मोकळा. “आस्ता मान्याना, पाको!” उद्या भेटू. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. नाव सांगायचं वाक्यही त्यांनी माझ्याकडून घेतलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनी मिळवलं होतं, रोज त्याच बसला जाऊन जाऊन.

“अनघा, ते वाक्य सांग. हरवल्याचं.”

काकू, कुठे आहात, हरवलात का, म्हणून मी रिक्षात ओरडलेच. त्या म्हणाल्या, मी कशाला हरवते, घराखाली उभी आहे, आपली खिडकी दिसतेय. मग कशाला हवंय ते वाक्य? तर नुसतं, सांग न. मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं, सपाट, ऑपरेटरच्या आवाजात. मे ए पेर्दीदो. मे ए पेर्दीदो. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुमेधचा फोन. रडवेला झाला होता तो. काल आई हरवली होती. बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथं एका स्टॉपवर बसून होती, एकच वाक्य सारखं म्हणत होती. लोकांनी पोलीस बोलावले, पोलिसांनी घरी आणून सोडलं. नशीब, तुम्ही ते वाक्य शिकवलं होतंत. आता ती म्हणते, मला नाही जमत रे, ठरल्याप्रमाणे मला पुण्याला सोड. मी काय करू, अनघाताई?

बसून होती, हा शब्द ऐकला आणि मला सगळं कळलं. पाको आठवला, खाली उभं राहून दिसणारी खिडकी आठवली. राग आला मला काकूंचा, खोटं कशाला सांगू. त्या पोराचा जीव गोळा झाला होता आणि ही बाई नाटक करत होती. ओठांवर आलं होतं. पण मी एवढंच म्हटलं, ठरलंय ना तुमचं, मग येऊ दे त्यांना.

आल्या. विमानतळावरून आल्या त्या थेट कुंड्या बघायला गच्चीत. मी मागोमाग. दार लोटलं आणि म्हटलं, काकू, पाको कोण? काकू कढीपत्त्याची वाळलेली पानं काढत राहिल्या. मग बोलल्या त्या अशा, की जणू मीच काही चुकीचं विचारलं होतं.

“बस जमली गं. फार छान जमली. ड्रायव्हर ओळखायला लागला, नाव घ्यायला लागला. पण उतरून कुठं जाऊ? बाजार झाला की परत. इथं विश्रांतवाडीला उतरले की शालू आहे. खडकीला उतरले की नणंद तोंड वाकडं करायला आहे. तिथं स्टॉपवर नुसता स्टॉप आहे.”

मी म्हटलं, मग हे सुमेधला सांगायचं. सरळ.

“काय सांगू? तुझं घर चांगलं, सून चांगली, नात गोड, पण मला नाही राहायचं? बापाशिवाय वाढलेलं पोर आहे ते. जन्मभर विचारत बसेल, माझं काय चुकलं म्हणून. त्यापेक्षा आई चुकली, रस्ता चुकली. संपला विषय.” आणि एक कुंडी उचलून उन्हात ठेवत म्हणाल्या, “तूही कोणाला बोलायचं नाही.”

मला रडू आलं. त्यांनी पाहिलं आणि मुद्दाम दुसऱ्या कुंडीकडे वळल्या.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गजभिये बाईंना तिकडची बस काही झेपली नाही. जिन्यात करंदीकर काकांनी गाठलंच. “काय हो, स्पेनची गाडी चुकली म्हणे? एवढं ते बाखार बाखार करून?” मी बरोबर होते. एरवी या माणसाचा काकूंनी तिथल्या तिथं चुरा केला असता. काकू म्हणाल्या, “चुकली न भाऊ. वय झालं आता.” आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेल्या.

पुढे मला हिंजवडीत नोकरी मिळाली आणि आम्ही जागा बदलली. जायच्या आदल्या दिवशी काकू आणि मी एकाच बसमध्ये होतो. काकू दाराजवळच्या दांड्याला धरून उभ्या, मागं जागा रिकामी. तेवढ्यात त्यांच्या पिशवीत फोन वाजला. सुमेध. त्या प्रसंगानंतर त्यानं आईचा फोन असा लावून घेतला होता की ती कुठं आहे ते त्याला वलेन्सियात बसल्याजागी दिसायचं. बस नेहमीच्या रस्त्यानं न जाता कुठल्याशा खोदकामामुळे वळसा घेऊन चालली होती, आणि तिकडे त्याला धडकी भरली होती. आई, तू कुठे चाललीस, बरोबर बसमध्ये आहेस ना?

ज्या बाईला अख्ख्या पुण्याचा प्रत्येक स्टॉप झोपेत सांगता आला असता, ती म्हणाली, “हो रे बाबा. कंडक्टरला सांगून ठेवलंय. तो सांगेल तिथंच उतरते.” आवाज इतका म्हातारा होता की मी वळून पाहिलं. फोन पिशवीत गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पण डोळे वळवले नाहीत, उगाच हसल्याही नाहीत. मग पुढ्यात कानात हेडफोन घालून एक कॉलेजचा मुलगा उभा होता, त्याचा खांदा ठोठवला.

“उतरतोस का? नाहीतर सर.”

तो सरकला. काकू उतरल्या, मागं न बघता. बस थोडी पुढे गेली आणि सिग्नलला अडकली. सगळीकडे हॉर्न. खिडकीतून मी पाहिलं तर काकू पिशवी छातीशी धरून गाड्यांच्या मधून चालत होत्या, आमच्या बसच्या पुढे, त्याच्या पुढच्या बसच्याही पुढे. सिग्नल सुटला तेव्हा त्या मला दिसेनाशा झाल्या होत्या.